बसून बघायची चित्रं

आमच्या जुन्नरच्या पेठेत अशी एक जागा आहे, जिथे उभं राहिलेलं चालत नाही. सुवालालशेटच्या गाळ्यात चित्रं बघायला गेलात तर दाराशीच स्टुलं रचून ठेवलेली दिसतील. आपलं आपण एक उचलायचं, चित्रासमोर ठेवायचं, बसायचं आणि मग बघायचं. उभ्या उभ्या कुणी भिंतीवरून नजर फिरवायला लागलं की कोपऱ्यातून आवाज येतो, "बसा आधी. चित्र काही पळून जात नाही."

उभ्या माणसाला तिथे दिसणार तरी काय म्हणा. सगळी चित्रं त्याच्या पोटाच्या पातळीला, आणि वर नुसती चुना लावलेली भिंत.

एकदा एक बडे साहेब आले होते. बरोबर दोन माणसं, एकाच्या हातात पुष्पगुच्छ. साहेबांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. ते म्हणाले, "शेट, माफ करा, मला एवढ्या खाली बसता येत नाही."

शेट म्हणाले, "मला उभं राहता येत नाही. आता कसं करायचं?"

साहेबांनी बरोबरच्या माणसांकडे बघितलं. शेवटी समोरच्या माझ्या दुकानातून उशी घातलेली खुर्ची आली, तिच्यावर साहेब तिरके टेकले, आणि तसे तिरके बसूनच त्यांनी सगळा गाळा बघितला. जाताना म्हणाले, "वेगळा अनुभव आहे." शेट मला म्हणाले, "बघ, वेगळा म्हणाला. म्हणजे कळलं नाही."

मी मोहन. शेटच्या समोर माझं फ्रेमचं दुकान आहे. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि गेलेल्या माणसांचे फोटो यांना काच आणि पट्टी लावून माझं घर चालतं. माझा स्वभाव शांत आहे. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण शेटचा गाळा झाल्यापासून मी फार दमतो. डॉक्टरांनी बीपी बघितलं, साखर बघितली, सगळं ठीक आहे म्हणाले. त्यांना मी काय सांगणार, की माझ्या दुखण्याचं नाव सुवालाल आहे म्हणून.

शेटचं घराणं मूळचं राजस्थानातलं. पण कित्येक पिढ्या इथेच, तेव्हा मराठी आमच्यापेक्षा चोख. कापडाचं दुकान आजोबांपासूनचं. शेटना लहानपणीच पोलिओ झाला आणि एक पाय लुळा पडला, दुसराही फारसा कामाचा उरला नाही. वडिलांनी त्यांना गादीवर बसवलं ते कायमचंच. लग्न झालं नाही. धाकट्या भावाचं झालं, त्याची मुलंबाळं झाली, शेट त्या घरात मोठे काका म्हणून राहिले. सकाळी भाऊ आणि नोकर त्यांना गादीवर आणून ठेवत, रात्री उचलून नेत. दिवसभर गुडघ्यावर चादर, पाठीला तक्क्या आणि पुढ्यात कापडाची थानं. बाहेरगावच्या कितीतरी गिऱ्हाइकांना शेटला चालता येत नाही हे वर्षानुवर्षं माहीतच नव्हतं. दुकानदार बसलेलाच असतो, त्यात विचारण्यासारखं काय?

"जन्मभर मान वर करून लोकांशी बोललो," शेट म्हणायचे. "मान आखडली माझी. आता त्यांनी जरा खाली यावं."

गाळा सुरू झाला तो काशिनाथमुळे. काशिनाथ डिंभ्याचा. धरणात मासे धरतो. जन्मापासून ऐकू येत नाही, बोलता येत नाही. बायकोचं माहेर जुन्नरकडचं, म्हणून तो इकडे यायचा. एकदा तो बायकोसाठी लुगडं घ्यायला शेटच्या दुकानात आला. बायको बरोबर नव्हती. नोकरानं हे दाखवलं, ते दाखवलं, काशिनाथ मान हलवून नको नको म्हणतोय. शेवटी त्यानं शेटच्या पुढ्यातला बांधायचा कागद ओढला, त्यांच्या खिशातलं पेन मागून घेतलं आणि बायको काढून दाखवली. बुटकी, ठसठशीत, कमरेवर पाटी, तोंडावर ऊन आल्यासारखे डोळे बारीक केलेले. मग स्वतःच्या गालावर बोट ठेवून तिचा रंग आपल्यापेक्षा सावळा आहे तेही सांगितलं. आता हिला काय शोभेल ते तुम्हीच बघा, असा सगळा मामला.

शेट त्या कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनी अंजिरी रंगाचं एक लुगडं काढलं, हिरव्या काठाचं. काशिनाथनं ते चित्रावर धरलं, डोकं वाकडं करून बघितलं आणि हसला. लुगडं कागदात बांधायची वेळ आली तेव्हा शेटनी तो कागद बाजूला ठेवून दुसरा घेतला. काशिनाथ गेल्यावर मला हाक मारली. "मोहन, याला काच लाव."

मी म्हटलं, "शेट, हा कापड बांधायचा कागद आहे."

"मी तुला विचारलं का कशाचा आहे? रंग बघ. नाहीये ना? तरी ती बाई सावळी दिसते की नाही?"

दिसत होती. खोटं कशाला बोलू.

पुढे काशिनाथ येत राहिला. मासे, होड्या, धरणाचं पाणी आटल्यावर वर येणारी जुन्या गावाची जोती, असं काय काय काढून आणायला लागला. शेटनी दुकान पुतण्याच्या, प्रकाशच्या हाती दिलं आणि मागचं गोदाम रिकामं करून घेतलं. गोदामाचं दार बोळात, माझ्या दुकानासमोरच उघडतं, तिथे पायरी नाही. जो काही उंबरा होता तो फोडून उतार केला. पाटी लावायची वेळ आली तेव्हा प्रकाश म्हणाला, "काका, आर्ट गॅलरी म्हणू."

"गॅलरी म्हटलं की लोक वर बघतात," शेट म्हणाले. "कुणाच्या माडीची गॅलरी, कुठनं चढायचं, असं विचारतील. वर चढणं नकोच आपल्याला. गाळा म्हण." पाटीवर मग लिहिलं गेलं: चित्रांचा गाळा. बसा, बघा, हात लावा.

हात लावा हे कापडाच्या दुकानातलं. शेटला चित्र दाखवायची दुसरी भाषाच येत नाही. "या, बघा, घ्यायची सक्ती नाही. हा डिंभ्याचा माल. पोत बघा. रंग पक्का आहे." हात लावून बघता यावं म्हणून प्रत्येक चित्राखाली त्यांनी त्याच चित्राची एक नक्कल कापडावर करून घेतली, रेघेच्या जागी जाड दोरा शिवलेली. ओतूरहून एक अंध बुवा येतात, भजनात पेटी वाजवतात. दोऱ्यावरून बोट फिरवत ते मासा ओळखतात, होडी ओळखतात. एकदा त्यांनी विचारलं, "शेट, पाण्याला रंग कुठला दिलाय?" "निळा," शेट म्हणाले. "निळा म्हणजे कसा?" शेटनी प्रकाशला दुकानातून मलमलीचं थान आणायला लावलं, त्याचं टोक ओलं करून पिळलं आणि बुवांच्या मनगटावर ठेवलं. "असा." बुवा म्हणाले, "कळला." तेव्हापासून बुवा आले की शेट एकेक रंग कापडावर दाखवतात. लाल दाखवायला लोकरीची शाल येते, पिवळ्याला खळ दिलेली नवी कोरी सुती चादर. यात कुणाला किती कळतं मला माहीत नाही. थानं उचलून आणायचं आणि घड्या घालायचं काम कुणाकडे असतं ते मात्र चांगलं माहीत आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे तो फोन. समोरासमोर दुकानं, मी रिकामा बसलेला त्यांना दिसतो, तरी फोन करून विचारतात, "मोहन, मोकळा आहेस का?" नाही म्हणायची सोयच नाही. गेलो की ठरलेलं काम. चित्रं जरा खाली घ्यायची. शेट चाकाच्या खुर्चीत बसून समोर येणार, एक डोळा मिटणार. "अजून जरा खाली. आता जरा वर. होतं तिथेच बरं होतं." त्या भिंतीत मी इतकी भोकं पाडली आणि बुजवली आहेत की तिला चुन्याऐवजी माझा घामच लागलाय म्हणा.

आणि शेटचं आणखी एक आहे. त्यांना 'सुद्धा' हा शब्द चालत नाही. कुणी म्हणालं, "ऐकू येत नसूनसुद्धा किती सुंदर काढलंय हो!" की संपलं. "त्याला कान नाहीत, तुम्हाला दोन आहेत. काढा बघू एक मासा." एका शाळेची सहल आली होती. बाई कौतुकानं मुलांना सांगायला लागल्या, "बघा हं मुलांनो, हातपाय धड नसतानासुद्धा ही माणसं..." शेट म्हणाले, "बाई, तुमची शाळा बाहेर घ्या." मुलं आनंदानं बाहेर पळाली. बाई रडवेल्या झाल्या. सहलीची गाडी हलल्यावर शेटना वाईट वाटलं. मग काय, मला गोळ्यांची बरणी देऊन मोटारसायकलवरून गाडीच्या मागे पिटाळलं. एका वार्ताहरानं 'अपंगत्वावर मात' असं छापलं तेव्हा दिवसभर धुमसत होते. "मात कसली? बुद्धिबळ खेळतोय का आपण?"

त्यांना खरी आवडतात ती लेण्याद्रीच्या पायऱ्या उतरून आलेली माणसं. पोटऱ्या भरून आलेल्या असतात. आत आली की न सांगता बसतात, आणि बसली की निवांत बघतात.

तर असं सगळं चाललेलं असताना आण्याहून एक मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला आली. आणे म्हणजे पार पूर्वेकडचं पठार. तिकडून जुन्नरला यायचं म्हणजे अर्धा दिवस मोडतो, पण पिढ्यान्‌पिढ्यांचं गिऱ्हाईक. त्या दिवशी शेट दुकानात गादीवर होते. बायका लुगडी बघत बसलेल्या, आणि एकीच्या मांडीशी फडक्यात बांधलेल्या भाकरी. शेटचं लक्ष लुगड्यांवरून उडालं आणि त्या फडक्यावर खिळलं.

"हे छापील कुठून घेतलं?"

"छापील न्हाई वो," ती बाई लाजून म्हणाली. "आमच्या नणंदंचं चाळं हायती."

फडक्यावर पावलं काढलेली होती. भाकरी सोडायला लावून शेटनी ते फडकं गादीवर पसरलं. काव, काजळी, हळद आणि कपड्याला घालायची नीळ, एवढ्यावर काढलेली नुसती पावलं. भेगाळलेल्या टाचा, जोडवी, चिखलात रुतलेलं एक, चप्पल हातात घेतलेल्या माणसाची अनवाणी दोन, म्हाताऱ्याची काठी आणि तिच्याशेजारी थरथरतंय असं वाटणारं एक. माणसं घोट्याच्या वर नव्हतीच. पण कोण घाईत आहे, कोण भांडून चाललंय आणि कोणाला जायचं नाहीये, ते सगळं कळत होतं.

नणंदेचं नाव हौसाबाई. लहानपणी झाडावरून पडली, कमरेखालचं सगळं गेलं. भावाच्या घरी असते. जमिनीवर बसून हाताच्या जोरावर सरकत फिरते, घरचं सगळं करते, आणि सांजचं बसून हे असलं काढते. शेटनी ते फडकं ठेवून घेतलं, बदल्यात कोऱ्या मांजरपाटाचा एक तागा दिला. "तिला म्हणावं, आणखी काढ." पुढे आण्याचं कुणी ना कुणी येताना पावलं घेऊन यायला लागलं आणि जाताना मांजरपाट. मी त्यांना लाकडी पट्ट्या आणि काचा लावून गाळ्याची एक अख्खी भिंत भरली.

आता शेटच्या डोक्यात बसलं की हौसाबाईंनी येऊन आपली भिंत बघितली पाहिजे. हौसाबाईंच्या भावाच्या फोनवर दोघांचं बोलणं झालं. फोन स्पीकरवर होता, मीही तिथेच होतो.

"या की एकदा, बाई. गाडी पाठवतो."

"गाडीत चढायचं कसं, शेट?"

"माणसं आहेत. उचलतील."

"उचलून न्हाई यायची मी," पलीकडून ठाम आवाज आला. "मागं अपंगाच्या दाखल्यासाठी पाठुंगळी नेलं व्हतं मला, जिन्यानं वर. सगळी दुनिया खालनं बघत व्हती. तवाच ठरावलं, आता कुनाच्या पाठीवर न्हाई बसायचं. मेल्यावर उचला काय ते."

मला वाटलं शेट समजूत घालतील. ते म्हणाले, "बरोबर आहे तुमचं." फोन ठेवून मला म्हणाले, "मोहन, मोकळा आहेस का?"

मग टेम्पोला लावायची फळी सुताराकडून करून घेतली. फळी आली, पण आधी तपासायची कुणी? शेट म्हणाले, मी. भर पेठेत टेम्पो उभा, मागे फळी, फळीवर चाकाची खुर्ची, खुर्चीत शेट, आणि मागून ढकलणारा मी. माझं वय काय, माझी कंबर काय. वरपर्यंत आलोही, पण तेवढ्यात फळी सरकली आणि आम्ही जसे चढलो तसेच मागे आलो. मी बाजूला झालो हे माझं नशीब. शेट खुर्चीसकट मागच्या केळीवाल्याच्या गाड्यावर जाऊन थडकले. केळी मांडीवर पडली. पेठ गोळा झाली. प्रकाश धावत आला, "काका, लागलं का? काय हे या वयात!"

शेट एक केळं सोलत म्हणाले, "फळी लांब पाहिजे. आणि कडेला पट्टी पाहिजे, चाक घसरायला नको." चेपलेली सगळी केळी घ्यावी लागली. आमच्या घरी ती दोन दिवस पुरली.

नवी लांब फळी झाली. काशिनाथ डिंभ्याहून मुद्दाम आला आणि ड्रायव्हरबरोबर आण्याला गेला. ऐकू येत नसल्यामुळे तो कुणाचं काही ऐकून घेत नाही, आणि अशा कामाला तसाच माणूस लागतो, असं शेटचं म्हणणं. दुपारी टेम्पो बोळात आला. मागे गोधडी अंथरलेली, तिच्यावर हौसाबाई बसलेल्या. पन्नाशीच्या पुढच्या असतील. पातळ कमरेला घट्ट खोवलेलं, बुडाखाली टायरचा जाड तुकडा बांधलेला, हात असे दणकट की मी माझे खिशात घातले. मी चाकाची खुर्ची पुढे केली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, नको म्हणाल्या आणि फळीवरून दोन्ही हातांवर तोल घेत आपल्या आपण उतरल्या. बोळ ओलांडून उतारावरून गाळ्यात गेल्या. कुणी हात लावला नाही.

आत शेट खुर्चीत तयार बसलेले, धुतलेला सदरा, गुडघ्यावर घडीची चादर. काशिनाथची बायको झेंडूचा हार घेऊन उभी होती. तिनं वाकून तो हौसाबाईंच्या गळ्यात घातला.  हौसाबाई आपल्या भिंतीखाली सरकत गेल्या. मान वर केली. मग जरा मागे आल्या, डोळ्यांवर हात धरला. पुन्हा मान वर केली. मग पदरानं मान पुसली.

शेटना राहवेना. "कशी वाटली?"

"बरी असतील."

"असतील म्हणजे?"

"दिसंनात ना, शेट. काचंत निस्ता बलब दिसतोय. लई वर टांगल्यात वो."

मी शेटकडे बघितलं नाही. खरं सांगायचं तर मला आतून बरं वाटलं. इतकी वर्षं कुणी तरी हे त्यांना म्हणायला हवं होतं असं वाटत होतं, आणि ते म्हणणारं माणूस त्यांच्यापेक्षाही खालून बघत असेल असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

 मला वाटलं, आता ड्रिल मागवतील. त्यांनी मला आणि काशिनाथला जवळ बोलावलं. "मला खाली घ्या."

"शेट, फरशी गार आहे."

"खाली घ्या म्हटलं ना."

आम्ही दोघांनी त्यांना खुर्चीतून काढून हौसाबाईंच्या शेजारी भिंतीशी टेकवून बसवलं. अंगात फार वजन राहिलेलं नाही हे हाताला कळलं. त्यांनी तिथून वर बघितलं. बराच वेळ बघत होते. माझ्या काचांत सगळीकडे बल्ब चमकत होता.

"काढ," ते म्हणाले. "सगळी काढ."

मी फ्रेमा उतरवून फरशीवर भिंतीला टेकवून ठेवत गेलो. ठेवेन तशा हौसाबाई पुढे सरकत बघत गेल्या. आता त्यांच्या तोंडावर हसू आलं. "ह्यो आमचा थोरला भाऊ. ह्यो सायकलवरचा बामण, त्याला दम लागायचा. ही माझी आई." आई म्हणजे भेगांच्या दोन टाचा, एक जरा उचललेली. "सारखी निघालेली असायची."

मग त्या वळल्या आणि शेटच्या मांडीवरच्या चादरीकडे बघून अगदी सहज म्हणाल्या, "तुमचं दावा की."

"काय?"

"पाय. काढायचं हायती. तोंड मला जमत न्हाई."

मी हातातली फ्रेम तशीच धरून उभा राहिलो. सगळ्या पेठेत शेटचे पाय पाहिलेलं माणूस नसेल. उन्हाळ्यात घामानं सदरा चिकटला तरी ती चादर कधी बाजूला होत नसे. 'बिचारा' म्हणणाऱ्याला उठवून लावणारा हा माणूस, पण आपल्या पायाबद्दल त्यानं एक अक्षर कधी उच्चारलेलं मला आठवत नाही. आता ते भडकतील, ह्या बाईला बाहेर घ्या म्हणतील, असं मला वाटलं. त्यांचे कान लाल झाले होते.

"मोहन," ते म्हणाले, "दार लोट."

मी दार लोटलं. त्यांनी चादरीची घडी केली आणि शेजारी ठेवली. लेंगा गुडघ्यापर्यंत वर घेतला. एक पाय म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा. दुसरा एखाद्या लहान मुलाचा लावून दिल्यासारखा. बारीक, पांढरट, ऊन न लागलेला. तळव्याला एक भेग नाही. कधी जमिनीला टेकलाच नव्हता तो.

हौसाबाईंनी तो हातात घेतला. भाजी निवडावी तसा उजेडाकडे वळवून बघितला.

"कवळा हाय," त्या म्हणाल्या. "आन लई गार पडलाय वो. तेल न्हाई लावत?"

"आई लावायची." शेट भिंतीकडे बघत बोलत होते. "ती गेल्यावर कुणाला सांगायचं?"

"आपलं आपन लावायचं की. तो काय दुसऱ्याचा हाय?"

 हौसाबाईंनी पिशवीतून कापड काढलं, काजळीची वाटी काढली, बोट बुडवलं आणि काढायला लागल्या. काशिनाथ त्यांच्या खांद्यावरून बघत होता. एकदा त्यानं बोट पुढे करून टाचेचा बाक जरा आत घ्यायला सांगितलं, तेव्हा त्यांनी त्याच्या हातावर चापट मारली. बोट कापडावर घासल्याचा आवाज येत होता. मला त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी काही काम सांगत नव्हतं आणि मला कुठे जाऊन बसावं ते कळत नव्हतं. शेवटी मी एक स्टूल घेतलं, मग ते ठेवून फरशीवरच बसलो.

चित्र झालं. शेटनी ते दोन्ही हातांनी धरून बघितलं. त्यांनी त्या पायाकडे स्वतःसुद्धा कधी नीट बघितलं असेल का, माझ्या मनात आलं.

"एवढाच आहे?"

"हाय तेवढाच काढलाय," हौसाबाई म्हणाल्या. "कमी न्हाई का जास्त न्हाई."

आण्याची वाट लांबची, उजेडात पोचायला हवं होतं. चहा घेऊन त्या निघाल्या. आल्या तशा फळीवरून चढल्या. काशिनाथनं गोधडी सारखी केली. टेम्पो हलताना त्यांनी मला ओरडून सांगितलं, "भाऊ, काचा काढून टाक त्या. पावलाला काच कशाला?"

मी आत आलो. फ्रेमा सगळ्या फरशीवर. शेट तिथेच भिंतीला टेकून, लेंगा तसाच वर, पाय लांब केलेले. मी म्हटलं, "शेट, उद्या येऊन सगळ्या काचा काढतो." ते म्हणाले, "परवा ये. तू दमलायस." इतक्या वर्षांत हे त्यांना पहिल्यांदाच दिसलं असावं.

दुकान बंद करायच्या वेळेला प्रकाश नोकराला घेऊन काकांना न्यायला आला. काका जमिनीवर, पाय उघडे, हे बघून तो दारातच घोटाळला. मग झटकन पुढे होऊन त्यानं चादर उचलली आणि शेटच्या गुडघ्यांवर टाकायला वाकला.

शेटनी त्याचा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "जरा वारा लागू दे त्याला."